कॅमोमाइल तेल लावण्याआधी काँग्रेस गवताची अ‍ॅलर्जी आठवा (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकरांसाठी)

मार्कंडेयकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी फार्मासिस्ट आहे, बेळगावात औषधाच्या दुकानात बसते. थंडी पडली, कातडी फुटायला लागली की गिऱ्हाईक मोबाइल पुढं करतं आणि विचारतं, "हे निळं तेल हाय काय?" हे निळं तेल म्हणजे कॅमोमाइलचं इसेन्शियल ऑइल, फुलांतून वाफेवर काढलेलं उग्र, सुगंधी तेल. झोप येत नाही, चेहऱ्यावर डाग आहेत, गुडघा दुखतो, बाळाची मालिश करायची आहे, केस गळतात, सगळ्यांवर हीच एक बाटली सांगितली जाते. तेल वाईट नाही. गुण आहेत त्यात. पण आपल्या भागात ते वापरताना एक गोष्ट आधी विचारायला हवी, आणि ती कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत, म्हणून हा धागा.

तुम्हाला किंवा घरात कुणाला काँग्रेस गवताचा त्रास आहे का?

कॅमोमाइल हे शेवंती, झेंडू, सूर्यफुलाच्या कुळातलं झाड. काँग्रेस गवत, म्हणजे गाजर गवत, त्याच कुळातलं. हे गवत आपल्या देशात पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं. आज कडोली, उचगाव, येळ्ळूर, हलगा, कुठल्याही बांधावर बघा, रस्त्याकडेला बघा, रिकाम्या प्लॉटवर बघा, पाऊस झाला की कमरेएवढं उभं. भांगलण करणाऱ्या बायका आणि शेतात राबणारे गडी यांच्यात त्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ दिसते. ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पापण्या सुजून जड होतात, मानेची कातडी जाड आणि काळपट होते, कोपराच्या आतल्या घडीत चिरा पडतात, खाजवून खाजवून पाणी सुटतं. पुष्कळांना वाटतं हे ऊन लागल्यामुळं किंवा फवारणीमुळं आहे, आणि वर्षानुवर्षं ते कुठलंतरी मलम लावत राहतात.

या गवतातले जे घटक त्वचेला भडकवतात त्यांना सेस्क्विटर्पीन लॅक्टोन म्हणतात. त्यांचे भाऊबंद या कुळातल्या पुष्कळ झाडांत असतात. एकदा शरीरानं एकाशी वैर धरलं की दुसऱ्यालाही ते ओळखतं. म्हणजे खाज थांबावी म्हणून जी "सौम्य, नैसर्गिक" वस्तू माणूस आणतो, तीच त्याला भडकवू शकते. काँग्रेस गवतामुळं येणारी ही अडचण युरोपातल्या बाईला फारशी येणार नाही. आपल्याकडच्या शेतकरणीला येऊ शकते.

इथं एक बारकावा सांगते, कारण उगाच घाबरवायचं नाही. हे घटक वाफेबरोबर सहसा वर येत नाहीत. त्यामुळं वाफेवर काढलेल्या शुद्ध तेलात ते फार कमी असतात. फुलांचा चहा, फुलं तेलात उकळून केलेलं तेल, फुलांचा अर्क घातलेलं क्रीम, यांत धोका जास्त. शिवाय फुलं गोळा करताना दिसायला तशीच असलेली रानटी जातही त्यात मिसळली जाते, आणि ती जास्त त्रासदायक असते. म्हणून काँग्रेस गवताची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी चहा, क्रीम, उकळलेलं तेल लांबच ठेवावं, आणि वाफेचं तेलसुद्धा त्वचेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. घरी "थोडं लावून बघते" हा प्रयोग या लोकांनी करू नये.

आता तेलाबद्दल. बाजारात दोन मुख्य जाती मिळतात. जर्मन कॅमोमाइल, म्हणजे मॅट्रिकेरिया कॅमोमिला, हिचं तेल गडद निळं, शाईसारखं. गंमत म्हणजे फुलात हा निळा रंग नसतोच. फुलातला मॅट्रिसिन नावाचा घटक वाफेच्या उष्णतेनं मोडतो आणि त्यातून कॅमॅझुलीन तयार होतं, ते निळं. त्याच्या जोडीला बिसाबोलॉल असतं. सूज आणि लाली कमी करण्याचं जे नाव या तेलाला आहे ते मुख्यतः या दोघांमुळं. दुसरी रोमन कॅमोमाइल, कॅमेमेलम नोबिल. तिचं तेल फिकट, कधी किंचित निळसर तर कधी पिवळसर, वास सफरचंदासारखा गोड. मनाला शांत वाटावं म्हणून वास घ्यायला ही जास्त वापरतात. तिसरं "मोरोक्कन कॅमोमाइल" म्हणून जे विकतात ते वेगळंच झाड आहे, त्याला या दोघींचे गुण चिकटवू नका.

लावायचं कसं? कधीही नुसतं नाही. ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ६ थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. चेहऱ्यासाठी त्याच्या निम्मं, ३ थेंब. हे मिसळलेलं तेल कोपराच्या आत एका रुपयाएवढ्या जागेवर लावायचं आणि दोन दिवस थांबायचं. लाली, खाज, पुरळ काही नाही, तर पुढं वापरायचं. त्रास झाला तर आधी साध्या खोबरेलानं पुसून घ्यायचं, मग साबणानं धुवायचं. नुसतं पाणी ओतून हे तेल जात नाही.

आंघोळीच्या बादलीत थेंब टाकू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आणि तांब्यानं पाणी घेताना जसंच्या तसं अंगावर येतं. उघड्या जखमेवर नाही, डोळ्यांजवळ नाही, आणि पोटात तर अजिबात नाही. "एक थेंब मधातून" सांगणारे व्हिडिओ आहेत, त्यांचं ऐकू नका.

प्रश्न असतील तर खाली विचारा. औषधं चालू असतील तर तेही लिहा.

---

खानापुरी_भात

ताई, फार उपयोगी लिहिलंत. आमच्या वहिनीला अगदी हेच, मान आणि पापण्या. नंदगडच्या बाजूला शेत आहे. दर पावसाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात जरा बरं. तिनं कॅमोमाइलचं क्रीम ऑनलाइन मागवलंय, अजून लावलेलं नाही. परत करू काय? आणि काँग्रेस गवताचीच अ‍ॅलर्जी आहे हे नक्की कसं कळायचं?

मार्कंडेयकाठ

क्रीम लावू नका, परत करा. नक्की कळायला पॅच टेस्ट असते. त्वचेचे डॉक्टर पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि तेव्हा व त्यानंतरही एकदा तपासतात. काँग्रेस गवताची पट्टी त्यात असते. शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत त्वचा विभागात विचारा. जाताना एवढं करा: सध्या जे मलम लावताय त्याची ट्यूब बरोबर न्या. पुष्कळ वेळा दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडच्या मलमानं कातडी पातळ झालेली असते, ते डॉक्टरांना कळायला हवं.

तोवर वहिनींना शेतात जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याभोवती सुती कापड आणि हातमोजे घालायला सांगा. शेतातून आल्यावर आधी आंघोळ, आणि ते कपडे घरातल्या कपड्यांत टाकायचे नाहीत. उपटलेलं गवत जाळू नका, गोठ्याजवळ वाळत घालू नका. वाळलेल्या गवताचे कण हवेत उडतात, आणि पापण्यांवर तेच बसतात. फुलं येण्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना मुळासकट उपटलेलं बरं, पण ते काम वहिनींनी करायचं नाही.

---

वडगावची_सून

माझं बाळ दोन महिन्यांचं आहे. मालिशला बाई येतात, त्यांनी खोबरेलात कॅमोमाइल घालायला सांगितलं, बाळ शांत झोपेल म्हणाल्या. सासूबाईंनी बाटली आणूनही ठेवली आहे. घालू का? नाही म्हटलं तर घरात वाईट दिसतं, म्हणून नीट कारण हवं आहे.

मार्कंडेयकाठ

नको घालू. कारण असं सांग: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठलंच इसेन्शियल ऑइल लावायचं नाही. बाळाची कातडी पातळ असते, लावलेलं पटकन आत जातं, वजनाच्या मानानं त्याचं प्रमाण मोठं होतं, आणि ते बाहेर टाकायला यकृत अजून तयार झालेलं नसतं. शिवाय लहान मूल हात तोंडात घालतं, डोळे चोळतं. दोन वर्षांपर्यंत मी तरी कुणाला देत नाही, त्यानंतरसुद्धा मोठ्यांच्या निम्म्याहून कमी. सासूबाईंना म्हण, बाटली वाया जाणार नाही, त्यांच्या पायाला वापरू. (त्यांना शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या काही चालू असतील तर आधी इथं लिही.)

मालिश मात्र बंद करू नकोस. बाळ झोपतं ते हातांच्या स्पर्शानं, उबेनं आणि आंघोळीनं. साधं खोबरेल पुरे.

याहून महत्त्वाचं आणखी एक. सर्दीला बाळाच्या छातीवर कापूर चोळणं, उशीवर नीलगिरी टाकणं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. कापूर आणि नीलगिरी ही दोन्ही मेंदूला उत्तेजित करणारी द्रव्यं आहेत, लहान मुलांना त्यानं झटके येऊ शकतात. मोठ्यांचंही तसंच. बेंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पुढाकार घेऊन अनेक रुग्णालयांत मिळून केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. झटके आलेल्या प्रौढांमध्ये कापूर-नीलगिरी असलेले बाम आणि तेल वापरणारे लोक त्यांना आढळले. कॅमोमाइल त्या यादीत नाही. पण बाजारात मिळणारं "सर्दीचं कॅमोमाइल तेल" पुष्कळदा मिश्रण असतं आणि त्यात नीलगिरी मुख्य असते. पाठीमागचं लेबल वाचा.

वडगावची_सून

शुगर आहे त्यांना, रक्त पातळ करायची गोळी नाही. लेबल बघितलं, त्यात नीलगिरी आहेच. बरं झालं विचारलं.

मार्कंडेयकाठ

मग पायाला पण नको. शुगर असलेल्यांच्या तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते, जळजळ झाली तरी कळत नाही. पोटऱ्यांना चालेल, पातळ करून, कोपरावर तपासून.

---

निपाणीचा_मुलगा

ताई, माझी आई बिड्या वळत्या. वीस-पंचवीस वर्षं झाली. आता रात्रीचं हाताला मुंग्या येत्यात, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर हुत्यात, उठून हात झटकत बसत्या. डॉक्टरनी मनगटातली नस दाबल्या म्हणून सांगितलं. शेजारच्या वहिनी म्हणत्यात कॅमोमाइल तेल लाव. खरंच उपयोग हाय काय?

मार्कंडेयकाठ

भाऊ, तुम्ही लिहिलेली लक्षणं कार्पल टनेलची आहेत. अंगठा आणि त्याशेजारची बोटं, रात्री जास्त, झटकल्यावर बरं. दिवसभर पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं, हे सगळं मनगट वाकवून आणि बोटं चिमटीत धरून होतं. नस दाबायला ते कारण पुरेसं आहे.

तुमच्या प्रश्नाला "काही उपयोग नाही" असं उत्तर मी देणार नाही, कारण नेमका याच दुखण्यावर इराणमध्ये अभ्यास झाला आहे. रुग्णांना रात्री मनगटाला स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ ठेवणारा पट्टा, बांधायला दिला आणि सोबत कॅमोमाइलचं तेल लावायला दिलं. दुसऱ्या गटाला स्प्लिंट आणि तसंच दिसणारं साधं तेल. चार आठवड्यांत कॅमोमाइलवाल्यांच्या तक्रारी जास्त कमी झाल्या, हाताचं काम सुधारलं. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, ते तेल म्हणजे आपली निळी बाटली नव्हती, तिथल्या जुन्या पद्धतीनं फुलं तिळाच्या तेलात उकळून केलेलं तेल होतं. दोन, स्प्लिंट दोन्ही गटांनी बांधला होता.

म्हणून आधी स्प्लिंट. मनगट सरळ ठेवणारा पट्टा औषधाच्या दुकानात मिळतो, आईंच्या हाताच्या मापाचा घ्या, रोज रात्री बांधून झोपायला लावा. दिवसा मधून मधून हात खाली सोडून बोटं सैल करायला सांगा. तेल लावायचं असेल तर पातळ करून, झोपायच्या आधी, पट्टा बांधण्यापूर्वी पुसून. आणि एक गोष्ट न चुकता विचारा: तंबाखूच्या धुळीनं त्यांच्या हाताला आधीच खाज, चिरा आहेत का? असतील तर तेल नको. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट दिसायला लागला असेल, हातातून वस्तू पडत असतील, तर तेलाची वाट बघू नका, डॉक्टरांकडे परत जा. नस कायमची निकामी होऊ शकते.

निपाणीचा_मुलगा

अंगठ्याचं बूड बघितलं, दुसऱ्या हातापेक्षा जरा बसल्यासारखं वाटतंय. उद्याच घेऊन जातो. पट्टा पण घेतो.

---

काष्ठौषधी_शहापूर

धागा वाचला. चांगला आहे, पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो. आमचं काष्ठौषधींचं दुकान वडिलांच्या आधीपासून आहे. गुलबाबुना, म्हणजे हीच फुलं, आम्ही पहिल्यापासून विकतो. युनानी हकीम लिहून देतात, रोगन बाबुना, म्हणजे ही फुलं तिळाच्या तेलात उकळून केलेलं तेल, सांधेदुखीला, पोटदुखीला पोटावर चोळायला नेतात. इतक्या वर्षांत नेणाऱ्यांनी परत परत नेलंय. तुम्ही त्यालाच जास्त धोकादायक म्हणताय आणि महागड्या परदेशी बाटलीला कमी, हे पटत नाही.

मार्कंडेयकाठ

काका, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. सांधेदुखीसाठी मला निवडायला सांगितलं तर मी रोगन बाबुनाच निवडेन. कारण वर सांगितलेला अभ्यास त्याच प्रकारच्या तेलावर झालाय. गुडघेदुखीवरही इराणमध्ये २०१५ साली अभ्यास झाला. तेल लावणाऱ्यांना पॅरासिटामॉलच्या गोळ्या कमी लागल्या. दुखणं आणि ताठरपणाच्या मोजमापात मात्र फार फरक दिसला नाही. म्हणजे थोडा गुण आहे, आणि तो तुमच्या बाटलीचा आहे. शिवाय ते आधीच तिळाच्या तेलात असतं, वेगळं पातळ करायला लागत नाही, चुकून जास्त लागण्याची भीती कमी.

माझं म्हणणं फक्त काँग्रेस गवताची अ‍ॅलर्जी असलेल्यांपुरतं आहे. उकळताना फुलातलं पुष्कळ काही तेलात उतरतं, गुणही आणि भडकवणारे घटकही. म्हणून तुमच्यासारख्या जाणत्या दुकानदारांना माझी विनंती आहे, रोगन बाबुना देताना एवढं विचारा, "शेतात गेल्यावर अंगाला खाज सुटते का? पापण्या सुजतात का?" तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक व्हिडिओ बघून येणाऱ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतं.

काष्ठौषधी_शहापूर

हे विचारायला हरकत नाही. विचारीन. फुलांबद्दल एक सांगतो, घेताना फूल उभं चिरून बघावं. खऱ्या बाबुन्याचं मधलं पिवळं बोंड आतून पोकळ असतं. भरीव निघालं तर माल मिसळलेला.

मार्कंडेयकाठ

अगदी बरोबर, जर्मन जातीची हीच खूण आहे. धन्यवाद काका, हे मला वर लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

---

हिंडलगा_रूम

मी यूपीएससीचा अभ्यास करूलोय, बेळगावात रूम करून राहतो. रात्री दोन-तीनपर्यंत झोप नाही. रूममेट डिफ्यूझरमध्ये (खोलीत वास पसरवायचं यंत्र) कॅमोमाइल टाकूलाय. मला काही फरक जाणवला नाही, त्याला जाणवतोय म्हणे. शास्त्र काय म्हणतंय?

मार्कंडेयकाठ

झोप आणि चिंता यावर जे अभ्यास सगळीकडे दाखवले जातात ते बहुतेक गोळ्यांवर झालेत, वासावर नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा २००९ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. ५७ जण, सतत चिंता करण्याचा आजार असलेले, आठ आठवडे कॅमोमाइलच्या अर्काच्या कॅप्सूल. चिंता थोडी कमी झाली. त्यात ज्या एपिजेनिन नावाच्या घटकावरून प्रमाण ठरवलं होतं तो वाफेबरोबर येतच नाही, म्हणजे तुमच्या डिफ्यूझरच्या बाटलीत तो नाही. २०११ साली निद्रानाशाच्या ३४ जणांना २८ दिवस कॅप्सूल देऊन बघितल्या, झोपेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

वासावर बोलायचं तर कोरियात २०१३ साली हृदयाची अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांना आयसीयूत लॅव्हेंडर, रोमन कॅमोमाइल आणि नेरोली यांचा मिश्र वास दिला. त्यांची भीती कमी झाली, झोप सुधारली. पण तीन तेलं एकत्र असताना श्रेय एकालाच कसं द्यायचं?

तुमच्या रूममेटला बरं वाटत असेल तर वापरू द्या. १०० मिली पाण्याला तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी थोडी उघडी, मग बंद. रात्रभर चालू ठेवायचं नाही, डोकं दुखतं. तुम्हाला दमा, ऋतू बदलला की शिंका, डोळे चुरचुरणं असं काही असेल तर ते तुमच्या खोलीत नको. आणि तुमच्या झोपेबद्दल मोठ्या बहिणीच्या नात्यानं सांगते, संध्याकाळी पाचनंतर चहा बंद करा आणि सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, कितीही उशिरा झोपलात तरी. तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरांना दाखवा. झोप उडणं हे ताणाचंही लक्षण असतं आणि त्याला उपचार आहेत.

---

चिकोडी_ऊसवाला

उसाला पर्याय म्हणून कॅमोमाइल लावावं म्हणून एक एजंट गावात फिरतोय. आपल्याकडं येतं काय?

मार्कंडेयकाठ

शेतीतलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, मला माहीत आहे तेवढं सांगते. पीक थंडीचं आहे. उत्तर भारतात रोपं करून लावतात, थंडी सरता सरता फुलं येतात. लखनौच्या सीमॅप या सरकारी संस्थेनं भारतासाठी वाण काढले आहेत, आणि तिचं एक केंद्र बेंगळुरूला आहे. एजंटाला पैसे देण्याआधी तिथं विचारा. मोठी अडचण तोडणीची. फुलं एकदम उमलत नाहीत, पुन्हा पुन्हा हातानं खुडावी लागतात. तेल निघतं वाळलेल्या फुलांच्या साधारण अर्धा ते एक टक्का, आणि तेही जवळ ऊर्ध्वपातनाची, म्हणजे वाफेवर तेल काढायची, सोय असेल तर. मजूर आणि खरेदीदार या दोन्हींची लेखी खात्री झाल्याशिवाय ऊस काढू नका. आणि खुडणाऱ्या बायकांना काँग्रेस गवताचा त्रास आहे का हे तिथंही विचारावं लागेल.

---

रामलिंगखिंड

आमच्या आजोबांच्या हृदयाची झडप बदलली आहे, रक्त पातळ करायची गोळी कायमची चालू आहे. त्यांना पायावर सूज असते म्हणून आत्यानं कॅमोमाइलचं तेल आणि चहा दोन्ही सुरू केलंय. तेल तर नुसतं बाहेरून लावायचं, त्यानं काही होत नसेल ना?

मार्कंडेयकाठ

हे आजच थांबवा. दोन्ही. उद्यावर टाकू नका.

कॅनडात ७० वर्षांच्या एका बाईंच्या बाबतीत जवळपास हेच घडलं होतं, ते तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली छापून आलंय. त्यांचीही झडप बदललेली, वॉर्फरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू. छाती भरली म्हणून दिवसाला चार-पाच कप कॅमोमाइलचा चहा, आणि पायाला सूज म्हणून कॅमोमाइलचं लोशन दिवसातून अनेकदा. रक्त किती पातळ झालंय हे सांगणारी आयएनआर तपासणी केली तेव्हा आकडा ७.९ होता. पोटाच्या मागच्या बाजूला आत रक्तस्राव झाला होता. झडप बदललेल्यांत हा आकडा साधारण अडीच ते साडेतीनच्या आसपास ठेवतात.

एका रुग्णाच्या गोष्टीवरून सगळं सिद्ध होत नाही, चहाचा वाटा किती आणि लोशनचा किती हेही सांगता येत नाही. पण आजोबांवर ते तपासून बघायचं नाही. वॉर्फरिन असो किंवा आपल्याकडे जास्त दिली जाणारी अ‍ॅसिनोकुमेरॉल असो, नियम तोच. जर्मन कॅमोमाइलचे घटक औषधं पचवणाऱ्या यकृतातल्या यंत्रणेला अडवतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे, म्हणून इतर गोळ्या पुष्कळ चालू असणाऱ्यांनीही विचारूनच वापरावं.

आजोबांच्या हिरड्यांतून रक्त, लघवीचा रंग लाल किंवा संडास काळी, अंगावर न आपटता निळे डाग, कंबरेत एकदम दुखणं, यातलं काही आहे का बघा. असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करून थेट दवाखाना. नसेल तरी उद्या आयएनआर करून घ्या. आणि पायावरची सूज हृदयामुळंही असू शकते, ती डॉक्टरांना सांगितली आहे का?

रामलिंगखिंड

दंडावर दोन निळे डाग आहेत. आजोबा म्हणतात दाराला लागलं असेल. बाकी काही नाही. सूज सांगितलेली नाही.

मार्कंडेयकाठ

"लागलं असेल" यावर सोडू नका. आत्ता त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना किंवा दवाखान्याच्या तातडीच्या विभागाला फोन करा, गोळीचं नाव, डोस, चहा, तेल, डाग आणि सूज, सगळं सांगा.

---

टिळकवाडी_३रेगेट

ताई, मध्येच विचारते. माझ्याकडच्या जर्मन कॅमोमाइलचा रंग निळ्याचा हिरवट झालाय. आणि आणताना २०० रुपयाला १० मिली मिळालं होतं.

मार्कंडेयकाठ

हवा आणि उजेड लागून कॅमॅझुलीन मोडतं, रंग आधी हिरवा आणि मग तपकिरी होतो. जुनं झालेलं तेल त्वचेला जास्त त्रास देतं, लावू नका. पुढच्या वेळी गडद काचेची छोटी बाटली घ्या, झाकण घट्ट, कपाटात थंड जागी, खिडकीत नाही.

किमतीचं म्हणाल तर एवढ्याशा तेलाला भरपूर फुलं लागतात. २०० रुपयांत १० मिली शुद्ध तेल मिळणं मला शक्य वाटत नाही. लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव, बॅच नंबर, तारीख आहे का बघा. "फ्रॅग्रन्स ऑइल" लिहिलं असेल तर तो नुसता वास आहे. कागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी बघा, मोठा तेलकट पारदर्शक डाग राहिला तर त्यात दुसरं तेल मिसळलेलं असू शकतं. निळा रंग राहील, त्याचं काही नाही. आणि घरात मांजर असेल तर बाटली तिच्या वाटेत ठेवू नका, मांजरांना हे झाड विषारी आहे.

---

गर्भवती_संकेश्वर

पाचवा महिना आहे. पायाला लावलं तर?

मार्कंडेयकाठ

नको ताई. साधं कोमट खोबरेल लावा, पाय उंचावर ठेवून झोपा. एकाच पायाला सूज किंवा चेहऱ्यावर सूज, डोकं दुखणं असं काही झालं तर लगेच डॉक्टरांकडे.

---

रामलिंगखिंड

ताई, फोन केला. डॉक्टरांनी रात्रीच बोलावलं. आयएनआर ५.८ आला. आजची गोळी द्यायची नाही म्हणाले, उद्या परत तपासणार, आजोबांना दवाखान्यात ठेवून घेतलंय. चहाचं पाकीट आणि बाटली दोन्ही बघायला मागितली. आत्या फार रडली, तिनं मायेनंच केलं होतं.

मार्कंडेयकाठ

आत्यांना सांगा, सूज त्यांच्याच नजरेला पडली म्हणून आजोबा आज डॉक्टरांपर्यंत पोचले. घरी सोडतील तेव्हा गोळीचा नवा डोस आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्या, जुन्या चिठ्ठीवरचा डोस परत सुरू करू नका. आणि सुजेचं कारण काय निघालं तेही विचारून या.